लंब्याच्या मशीनचं पाणी

४ फेब्रुवारी

आज लंब्याच्या घरी जाऊन आलो. सकाळीच जाणार होतो, पण वाटेत एक माणूस कुलपं दुरुस्त करत बसला होता, तिथे थांबलो. कुलपाच्या आत इतक्या बारीक स्प्रिंगा असतात हे मला माहीत नव्हतं. दुपार झाली.

लंब्या जाऊन तीनेक महिने झाले. मी तेव्हा दूर एका हॉटेलात भांडी विसळत होतो, फोन बंद पडलेला. मला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं. स्कूटर, ट्रक, आठवडाभर हॉस्पिटल आणि संपलं. निरोप आला तेव्हा हातात ताट होतं. ते विसळून ठेवलं, पुढचं घेतलं. अजूनही तसंच चाललंय म्हणायला हरकत नाही.

दार काकूनं उघडलं. म्हणाली, "आलास का रे भटक्या," आणि आत वळली. रडली वगैरे नाही. मला बरं वाटलं, कारण ती रडली असती तर मी काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. स्वयंपाकघर, मधली, आणि रस्त्याकडे दार असलेली तिसरी, ती लंब्याची. तिथे टेबलावर त्याचा कॉम्प्युटर झाकण काढून उघडा पडलाय. तो मशीन म्हणायचा, म्हणून घरातही सगळे मशीनच म्हणतात. काकांचं चष्म्याचं दुकान ज्या इमारतीत आहे ती पाडणार आहेत, मार्चअखेर जागा सोडायची आहे. रस्त्याकडे दार असल्यामुळे दुकान त्या तिसऱ्या खोलीत आणायचं असं काकांनी ठरवलंय.

काका म्हणाले, "हे असं पोट उघडं टाकलेलं कोण नेणार? तू जोडून दे. मग देऊन टाकू कुणाला तरी, खोली मोकळी होईल."

काकू म्हणाली, "अर्धवट कुठे जायचा नाही तो. त्यानं मनात धरला होता तसा पुरा होऊ दे. तोवर खोलीला हात लावायचा नाही."

"मी कुठे नाही म्हणतोय?"

"म्हणून तर बघा."

मनात धरला होता तो असा. कॉम्प्युटर तापतो, त्याला गार ठेवायला साधी माणसं पंखे लावतात. हौशी माणसं पाणी फिरवतात. तापणाऱ्या भागावर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी जातं, गरम होऊन रेडिएटरमध्ये येतं, तिथे गार होतं, टाकीत पडतं, पंप ते परत ठोकळ्याकडे ढकलतो. मोटारीच्या इंजिनासारखंच. लंब्यानं दोन ठोकळे, एक प्रोसेसरसाठी आणि एक पडद्यावर चित्र आणणाऱ्या कार्डासाठी, आणि पंप आणून ठेवलाय. रेडिएटर, टाकी, नळ्या, जोड, पाणी कुठलं, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. आणि डोकं तर ट्रकखाली. असो.

काकू म्हणाली, "तू त्याचा मित्र. त्याला काय हवं होतं ते तुला माहीत असणार."

मी हो म्हणालो. मला काहीच माहीत नाही. लंब्या या विषयावर बोलायला लागला की मी खिडकीबाहेर बघायचो. त्याला दिखाव्याची हौस होती, म्हणून पाणी. दुसरं काय असणार?

दोन आठवड्यांचं काम आहे. गोदामाच्या मुकादमाला फोन केला, महिनाअखेर कामावर येतो म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "नक्की ना? का परत पोपट विकायला जाशील?" मी पोपट कधीच विकले नाहीत, फक्त विकणाऱ्याबरोबर एक उन्हाळा फिरलो होतो.

७ फेब्रुवारी

मऊ रबरी नळी घ्यायची असं ठरवून तुकडा दाखवायला नेला. वाकते, कापता येते, जोडावर दाबून बसवली की झालं. पहिल्यांदाच करणाऱ्यानं हीच घ्यावी असं सगळेच म्हणतात.

काकूनं तुकडा हातात घेतला, उजेडात धरला, त्यातून फुंकर मारली.

"ही नको."

"का?"

"सलाइनची नळी अशीच असते."

मी तुकडा खिशात घातला. मग आम्ही बराच वेळ खिडकीच्या कडीबद्दल बोललो, ती नीट लागत नाही. मला कुलपवाला आठवला, मी लगेच जाऊन त्याच्याकडून स्क्रू आणला आणि कडी बसवून दिली.

म्हणजे आता टणक नळी. काचेसारखी दिसते, तापवून वाकवावी लागते. वेळ जाणार.

१० फेब्रुवारी

रेडिएटर निवडायचा तर आधी मशीनच्या डब्यात जागा किती ते मोजलं पाहिजे. वरच्या बाजूला तीन पंख्यांचा लांब रेडिएटर बसतो की दोन पंख्यांचा आखूड, एवढाच प्रश्न. काकू म्हणाली, "आण, मी मोजते. माझ्या हाताला सवय आहे."

ते खरं आहे. दुकानात काचा घासायचं काम काकांचं, पण माप काकू घेते. छोटी पट्टी गिऱ्हाइकाच्या नाकावर धरून दोन बुबुळांमधलं अंतर मोजते. एक मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर त्या माणसाचं महिनाभर डोकं दुखतं. तिचं माप चुकल्याची तक्रार आजवर आली नाही असं काका म्हणतात, आणि काका काकूची स्तुती करणाऱ्यातले नाहीत.

तिनं मोजलं आणि म्हणाली, "लांब बसेल. आरामात."

लांब मागवला.

१६ फेब्रुवारी

बसत नाही. रेडिएटर आडवा घातला तर शेवटची दोन बोटं बाहेर राहतात. काकूनं आतून मोजायचं ते बाहेरून मोजलं होतं, डब्याच्या पत्र्यासकट. मी म्हणालो, "होतं असं काकू, वय झालं की." ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "हो रे. झालंय खरं." आणि चहा ठेवायला गेली, गुणगुणत.

रेडिएटर परत पाठवून दुसरा यायचा म्हणजे आठवडा गेला.

१९ फेब्रुवारी

जुन्या बाजारात सहज फिरत होतो. तिथे एकाकडे तंबूचे खांब होते, ते बघता बघता पलीकडे दोन पंख्यांचा रेडिएटर सापडला. हलका, चकचकीत, एकदम नवा. म्हटलं वाट कशाला बघायची. उचलला.

काकूनं तो हातात घेऊन वजन पाहिलं. म्हणाली, "अॅल्युमिनियम ना हे? आणि ते दोन ठोकळे तांब्याचे."

"मग?"

"एकाच पाण्यात दोघं राहिले तर एक दुसऱ्याला खातं. वर्षभरात भोकं पडतील. तांब्याचाच आण, पितळ चालेल."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"रेडिओवर लागलं होतं."

रेडिओवर हल्ली काय काय सांगतात. मी नंतर एका दुकानात विचारून खात्री केली, अक्षरशः तसंच आहे. तिनं सांगितलं नसतं तर सगळं नासलं असतं. बाहेरून मोजणारी बाई हीच का, असं क्षणभर वाटलं. मग काका हाक मारत होते म्हणून गेलो, त्यांना दुकानाची पाटी उतरवायला माणूस हवा होता.

अॅल्युमिनियमचा रेडिएटर परत करायला गेलो तर तो माणूस म्हणाला तो मी नव्हेच. तंबूचा एक खांब बदल्यात घेतला. तंबू नाही माझ्याकडे.

२५ फेब्रुवारी

तांब्याचा रेडिएटर आला, बसला. मी स्वतः मोजला होता.

टणक नळी वाकवायला शिकायचं म्हणून एका बोर्डवाल्याकडे जातोय. तो दुकानांच्या पाट्यांची प्लास्टिकची अक्षरं करतो. तो म्हणाला, "गरम हवेखाली फिरवत राहायची. एका जागी धरलीस तर बुडबुडे येतात. घाई केलीस तर आतून चपटी होते. हात थांबवायचा नाही, बाकी सगळं थांबलं तरी चालेल."

मी म्हणालो मला ते जमेल, माझं बाकी सगळं थांबलेलंच आहे. तो हसला. मी विनोद केला नव्हता, पण त्याला तसं वाटलं असेल तर वाटो.

आजच्या सगळ्या नळ्या चपट्या.

मुकादमाचा फोन. मी महिनाअखेरच्या ऐवजी मार्चच्या मध्याला येतो म्हणालो. तो म्हणाला, "तुझ्या मार्चला किती मध्य असतात?"

६ मार्च

बरेच दिवस लिहिलं नाही. बोर्डवाल्याकडे एका बेकरीची पाटी आली होती, तिची अक्षरं मीच वाकवली. मजा आली असं लिहिणार होतो, पण मजा आली नाही. हात गुंतले होते एवढंच.

लंब्याच्या घरी रोज जातो मात्र. काकू दार उघडते, मी खोलीत जाऊन नळ्या लावून बघतो, ती मागे खुर्चीवर बसते. एकदा म्हणाली, "कोपऱ्यातली नळी जरा तिरकी दिसते, नाही?" तिरकी नव्हती. तरी मी पुन्हा केली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आधीचीच बरी होती." आधीची मी कापून टाकली होती.

बायकांना एक काही पसंत पडत नाही. पण तिच्या सांगण्याचा मला राग येत नाही. कशाचाच येत नाही हल्ली, हा भाग वेगळा. खोलीत तिच्या पलीकडे त्याच्या कॉटवर चादर तशीच घडी करून ठेवलेली आहे, मी चादरीकडे बघतो आणि मला चादर दिसते. बस.

९ मार्च

आज पाण्याचा रंग निवडायचा होता. बिनरंगी, निळा, हिरवा, लाल असे नमुने छोट्या बाटल्यांत आणले होते. काकूनं खिडकीत ओळीनं मांडले.

"लाल नको," म्हणाली.

"नको," मी म्हणालो.

"बाकी उद्या बघू."

काका मधल्या खोलीतून म्हणाले, "अगं, पाण्याला कसला रंग बघायचा? पाणी आहे ते."

"तुम्ही गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवता तेव्हा मी बोलते का मधे?"

"तू बोलतेसच."

"मग आता तुम्ही बोलू नका, फिट्टंफाट."

त्यांचं हे असं पूर्वीपासून आहे. पूर्वी लंब्या मधे पडायचा, दोघांना एकेक चिमटा काढायचा आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा. आज कुणी मधे पडलं नाही, म्हणून ते आपोआपच थांबलं.

१३ मार्च

फिकट हिरवा.

१४ मार्च

सगळं जोडलं. पाणी भरलं. टाकीत पहिल्यांदा हिरवं पाणी चढलं तेव्हा काकूनं टेबलाची कड धरून ठेवली होती. बुडबुडे निघेपर्यंत मी डबा इकडून तिकडे कलता करत होतो, लहान मुलाला ढेकर काढायला थोपटतात तसा.

आता गळतीची परीक्षा. बाकी कशालाच वीज द्यायची नाही, फक्त पंप चालवायचा, पूर्ण दिवस-रात्र. प्रत्येक जोडाखाली कागदी रुमालाची घडी ठेवायची. कागद कोरडा राहिला तर पास. मगच मशीन चालू करायचं.

काका येऊन उंबऱ्यावर उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, "म्हणजे कागद कोरडा राहिला की झालं?"

"झालं, काका."

"म्हणजे उद्या."

"उद्या."

काकूनं माझ्यासाठी चहा केला होता तो स्वतःच प्यायली.

१५ मार्च

कार्डाखालचा कागद ओला.

सगळं पाणी उपसलं, तो जोड काढला, रबराची चकती बदलली, परत बसवलं. चकती ठीकच होती खरं तर. काकू म्हणाली, "बघ, घाई करून उपयोग नाही." मुकादमाला फोन केला. त्यानं उचलला नाही.

१८ मार्च

पुन्हा ओला. यावेळी पंपाखालचा.

कागद खिडकीशी नेऊन पाहिला. नळ्यांत हिरवं पाणी फिरतंय आणि कागदावर हिरव्याचा अंशही नाही, साधं नळाचं पाणी. मी सगळ्या जोडांवरून कोरडं बोट फिरवलं. सगळं ठणठणीत. काकू नुकतीच भांडी घासून आली होती, तिनंच चाचपून बघितलं असणार. मी म्हणालो, "काकू, कागदाला हात लावायच्या आधी हात पुसत जा."

ती म्हणाली, "बरं." आणि तिथेच खुर्चीवर बसली, हात मांडीवर उताणे ठेवून.

तेवढ्यात काका दुकानातून आले. "काय म्हणतो कागद?"

मी म्हणालो, "गळतंय अजून. परत उघडावं लागेल."

का म्हणालो देव जाणे. गळत नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि निघाल्यावर परत घेता येईना.

काका उंबऱ्यावरूनच हात पुढे करून म्हणाले, "बघू." मी कागद दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला, काचेवरचा चरा बघतात तसा. मग खोलीतल्या हिरव्या नळ्यांकडे पाहिलं. मग काकूकडे. ती खालीच बघत होती.

"हो," म्हणाले. "गळतंय. उघड परत. सावकाश कर."

त्यांनाच तर मार्चअखेरची घाई होती. माणसाचं काही सांगता येत नाही. कागद मात्र त्यांनी परत दिला नाही, खिशात घालून गेले.

२३ मार्च

काकांनी दुकान रिकामं केलं. आठवडाभर आधीच, इमारतीचं पाणी तोडलं म्हणून. सगळा माल घरात आलाय, आणि तोही तिसरी खोली सोडून. फ्रेमचे ट्रे मधल्या खोलीत कॉटवर, काचा घासायचं यंत्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर, डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता न्हाणीघराच्या दारावर. तक्त्यापासून अंतर लागतं, म्हणून गिऱ्हाइकाला ओट्याला पाठ टेकवून बसवतात. तरी पुरत नाही. काका प्रत्येकाला सांगतात, "जागा लहान आहे, जरा मनानं लांब बसा."

आज एक मास्तर डोळे तपासायला आले होते. तिसरी ओळ वाचत असताना त्यांच्या पाठीमागे दूध उतू गेलं. काकू धावली, मास्तर उठले, तक्ता लावलेलं दार उघडून आतून काका बाहेर आले. मास्तर म्हणाले, "आता मला काहीच वाचता येत नाही."

मी हसलो. पुष्कळ दिवसांनी तोंड त्या आकारात गेलं, गाल दुखले. काकू नाही हसली. ती दूध पुसता पुसता काकांकडे बघत होती. काका घामाघूम झाले होते, हातात भिंगांची जड पेटी, ती ठेवायला जागाच नव्हती. ते एकदा तिसऱ्या खोलीच्या बंद दाराकडे वळले. मग वळले तसेच परतले आणि पेटी खुर्चीखाली पायांच्या मधे ठेवली.  महिनाभरात खोलीवरून त्यांनी तिला एकदाही काही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

२६ मार्च

काकू म्हणाली, "लाव आज."

"काय?"

"मशीन. गळत नाहीये ते. मी ओले करत होते कागद."

मी म्हणालो, "मला वाटलं भांडी घासून—"

"भांडी नव्हते घासत." मग म्हणाली, "माझी मापं चुकत नाहीत रे. कधीच चुकली नाहीत."

  रेडिएटर परत पाठवला तो आठवडा, तिरकी नळी, रंगाच्या बाटल्या, एकामागून एक सगळं ओळीत येऊन उभं राहिलं. रेडिओवर नव्हतंच ते, लंब्यानंच तिला सांगितलेलं असणार. मी चिडायला हवं होतं बहुतेक. मी म्हणालो, "आणखी थोडे दिवस गळलं तरी चालेल, काकू. मला कुठे जायचंय."

"नको. ह्यांचा जीव जातोय त्या ओट्यापाशी. आणि तोंडातून शब्द नाही." ती उठली. "त्यानं ठरवला होता तसा झालाय ना? मग लाव. एकदा चालू झालेला बघू दे मला. मग काढा खोलीतून सगळं."

वीज जोडली. बटण तिला दाबायला सांगितलं. तिनं दाबलं.

पडदा उजळला. हिरवं पाणी हललं. पंप इतका मऊ चालतो की नळीला बोट लावलं तरच कळतं. रेडिएटरचे पंखे फिरत होते पण सावकाश, त्यांचा आवाज रस्त्यावरच्या आवाजात कुठच्या कुठे. पहिल्याच खेपेला इतकं चांगलं जमेल असं मला वाटलं नव्हतं. मी वळून बघितलं, म्हटलं ती खूश झाली असेल.

ती वाट बघत उभी होती. कान देऊन.

"लागला का?"

"लागलाय की. हा बघा पडदा."

"आवाज?"

"आवाज नाहीच येत, काकू. त्यासाठीच तर पाणी."

ती थोडी पुढे झाली, डब्याच्या बाजूला कान नेला. मग सरळ झाली.

"आधी केवढा घरघरायचा," ती म्हणाली. "भिंतीतून यायचा आवाज. मी पोळ्या लाटत असले की मला कळायचं, आहे घरात. बंद झाला की कळायचं, आता बाहेर पडणार. ह्यांना सहन व्हायचा नाही, हे इकडून ओरडायचे आवाज कमी कर म्हणून, रोज. म्हणून तर त्यानं हे पाण्याचं काढलं. बाबांना त्रास नको म्हणाला."

मला हे माहीत नव्हतं. मी दिखावा समजलो होतो.

मधल्या खोलीतून काकांनी विचारलं, "चालू झाला का गं?"

 त्यांना मशीन ऐकू येत नव्हतं, आणि आम्हालाही.

२७ मार्च

गेलो नाही तिकडे. दिवसभर बोर्डवाल्याकडे होतो. एका शिंप्याच्या पाटीचं एकच अक्षर वाकवत बसलो, तेही जमलं नाही. मुकादमाचा निरोप आला, त्यानं दुसरा माणूस घेतला. बरं म्हणालो.

२८ मार्च

सकाळी गेलो. आज खोली रिकामी करायची असं ठरलेलं. काकू मशीनसमोर बसली होती. चालू होतं, म्हणजे पडदा दिसत होता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "जुने पंखे परत बसतील का याच्यावर?"

"बसतील. पण मग पाणी काढावं लागेल. हे सगळंच काढावं लागेल." मी नळ्यांकडे बघितलं. "आणि ते जुने कुठे आहेत कोण जाणे."

तिनं कपाट उघडलं. टॉवेलात गुंडाळलेले, प्रोसेसरवरचा जाडा पंखा आणि कार्डाची तीन पंख्यांची पट्टी. धूळसुद्धा पुसलेली नव्हती. लंब्यानं काढून टाकले त्या दिवसापासून तिच्याकडे होते.

पाणी बादलीत सोडलं. नळ्या एकेक करून निघाल्या. इतक्या दिवसांच्या त्या नळ्या काढायला तासही लागला नाही, आणि मला काही वाटलं नाही. खरंच नाही. जोडताना वाटत नव्हतं तसंच काढतानाही. ठोकळे पुसले, जुन्या पंख्याखाली उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावली, स्क्रू पिळले. काकूनं बॅटरी धरली होती आणि मी मागायच्या आधी योग्य तोच स्क्रू हातात देत होती.

पलीकडे काका एका शिलाईकाम करणाऱ्या बाईंचे डोळे तपासत होते. भिंतीतून ऐकू येत होतं, "ही वाचा. आता ही. आता धूसर की आधी धूसर?"

बटण काकूनंच दाबलं.

आधी एक खरखर झाली. मग पंख्यांनी वेग घेतला आणि असा आवाज सुरू झाला की टेबल थरथरायला लागलं. घरघर, आणि त्यावर एक शिट्टी. धूळ होती, एक पातं डब्याला घासत असावं. मी म्हणालो, "थांबा, साफ करतो," पण माझं मलाच ऐकू आलं नाही.

आणि भिंतीपलीकडून काका ओरडले, "अरे आवाज कमी कर तो! गिऱ्हाईक आहे इथे!"

अगदी सहज. कपाळाला आठी घालून म्हणतात तसं.

मग पलीकडचं सगळं थांबलं. बाईंचं वाचणंही. इकडे मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून उभा. काकूचा हात बटणापाशी होता, पण तिनं दाबलं नाही. ती भिंतीकडे बघत होती आणि तिचा चेहरा, मला ते लिहिता येत नाही.

तिनं मान वर केली आणि भिंतीला सांगितलं, मोठ्यानं, "नाही होत कमी!"

 पंखे चालले होते.

दार उघडलं. काका न्हाणीघराच्या दारावरचा तक्ता काखेत घेऊन उभे होते, मागे ती बाई, नाकावर तपासणीची जड फ्रेम, हात पुढे करून चाचपडत. काका उंबऱ्यावर थांबले, फार नाही, मग आत आले. खिळा शोधत भिंतीवरून नजर फिरवली. कॅलेंडरचा खिळा होता, त्याला तक्ता अडकवला. मला म्हणाले, "ती कॉट सरकव रे. या बाईंना इथे बसवू, अंतर बरोबर येतंय."

मी आणि काकूनं कॉट सरकवली. घडी केलेली चादर तिनं उचलून मशीनच्या वरच्या फळीवर ठेवली, हवेची जाळी मोकळी सोडून.

"याचं काय?" मी मशीनकडे बोट दाखवलं.

"काय?" काका म्हणाले.

"मशीनचं काय करायचं?" मी ओरडलो.

"राहू दे तिथेच! बिलं लिहायला होईल!"

बाई खुर्चीवर बसल्या. काकूनं खिशातली पट्टी काढून त्यांच्या नाकावर धरली, माप घेतलं, आकडा काकांना ओरडून सांगितला. काकांनी विचारलं, "किती?" तिनं परत सांगितलं.

बाई म्हणाल्या, "बाई गं, केवढा आवाज. काय आहे हे?"

काका तक्त्याच्या बाजूला उभे होते, काठी हातात. म्हणाले, "मुलाचं आहे. सवय होईल. शेवटची ओळ वाचा, मोठ्यानं वाचा जरा."

त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. मी बादली उचलली, हिरवं पाणी ओतून द्यायला मोरीत गेलो आणि तिथे बराच वेळ राहिलो. भिंतीतून आवाज येत होता.